लेकरं सांभाळून कॉलेज करताय? या चुका टाळा

माझं बीए दुसऱ्या वर्षात सुटलं, मग लग्न, मग दोन लेकरं. तब्बल १४ वर्षांनी परत अ‍ॅडमिशन घेतलं, रोज औशाहून लातूरला जाऊन येऊन, आता दुसरं वर्ष सुरूय. या काळात माझ्या चुका झाल्या तशाच सोबतच्या चार-पाच जणींच्याही झाल्या, त्यातल्या दोघींनी कॉलेज सोडलं पण, आणि खरं सांगते त्या दोघी अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार होत्या. म्हणून हे लिहायलेय.

सगळ्यात मोठी चूक: घरात कुणाला कळू नये असं शिकणं

म्हणजे चोरून नाही हो. घरच्यांना माहिती असतं, पण आपण असं दाखवतो की घरात काहीच बदललं नाही. भाकरी तितक्याच, डबे तितकेच, धुणं-भांडी आपल्याकडंच, पाहुणे आले की चहापाणी आपल्याकडंच, आणि हे सगळं उरकून मग कॉलेज. मला भीती अशी की कुणी म्हणायला नको, बघ शिकायला जायली अन् घराकडं दुर्लक्ष करायली. म्हणून पहिलं सेमिस्टर मी पहाटे ४ ला उठून सगळं करून ठेवायचे आणि रात्री लेकरं झोपली की पुस्तक घेऊन बसायचे. बसायचे कुठलं, तिसऱ्या पानाला डोळा लागायचा. दोन पेपर राहिले.

त्यात पाण्याचं. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं, आठ-आठ दिवसांनी येतं, वेळ ठरलेली नाही, आणि आलं की भरून घ्यायलाच लागतं नाहीतर पुढचा आठवडा गेला. एकदा इंटर्नल टेस्टच्या आधी अर्धा तास फोन आला, पाणी आलंय. मी टेस्ट सोडून एसटीत बसले. घरी पोचले तर ह्यांनी आणि पोरानं मिळून टाकी भरून ठेवली होती, फोन फक्त सांगायला केला होता. मी वाटेत रडत आले होते ते वेगळंच. त्या दिवशी कळलं की घरचे मदत करत नव्हते असं नाही, मीच कधी काम सोडलं नव्हतं.

तेव्हा अ‍ॅडमिशनच्या आधीच बसून बोला. "मला मदत करा" असं मोघम बोलून काही होत नाही, कामाचं नाव घेऊन ते काम देऊन टाका. आमच्यात आता पाणी ह्यांचं आणि पोराचं (सातवीत आहे, मोटार, पाइप सगळं जमतं त्याला), संध्याकाळच्या भाकरी आत्याबाईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या), पोरीची वेणी तिची तीच घालते, वाकडी घालते पण घालते. आणि दिलेलं काम परत हातात घेऊ नका, भांडं नीट निघालं नाही म्हणून आपण परत घासलं की दुसऱ्या दिवशी ते काम आपलंच. आत्याबाई पहिले दोन महिने बोलल्या, काय करायचंय आता शिकून म्हणून. मी उलट बोलले नाही, पण परीक्षेचं टाइमटेबल देवघराशेजारी चिकटवलं. आता त्याच पाहुण्यांना सांगतात, सुनेचा पेपर आहे, मंगळवारच्या नंतर या.

कागदपत्रं, म्हणजे नावाचा घोळ

मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कॉलेजचा फॉर्म आधार बघून भरला की पुढं सगळीकडं अडकतं, कारण आता क्रेडिट, म्हणजे विषय पास केल्यावर मिळणारे पॉइंट, जमा होतात ते एबीसी आयडीवर (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, क्रेडिटचं ऑनलाइन खातं) आणि तो आयडी आधारवरून निघतो. माझ्या फॉर्मवर तीन ठिकाणी तीन नावं पडली होती आणि ते निस्तरायला ऑफिसला किती चकरा मारल्या त्याचा हिशोब नाही. दहावी-बारावीच्या मार्कलिस्टवरचं नाव आणि आधार यांचा मेळ कसा घालायचा ते फॉर्म भरायच्या आधीच विचारा, विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा (आमच्यातल्या कितीजणींनी लग्नाची नोंदणीच केलेली नसते), आणि नाव कायमचं बदलायचं असेल तर राजपत्रात छापून घ्या. शिवाय टीसी, गॅप सर्टिफिकेटचं अ‍ॅफिडेव्हिट, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. टीसी माहेरच्या गावच्या कॉलेजात असते, हरवली तर डुप्लिकेटला वेळ लागतो, उन्हाळ्यात माहेरी गेलात तेव्हाच हे काम करून या. जातीचा दाखला माहेरच्याच, म्हणजे वडलांकडच्या पुराव्यावर निघतो, सासरचे कागद त्याला चालत नाहीत. स्कॉलरशिपचा फॉर्म सरकारच्या महाडीबीटी वेबसाइटवर असतो, बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे येत नाहीत, एवढं बघा.

रेग्युलर घ्यायचं का मुक्त विद्यापीठ?

इथं लोक ऐकीव माहितीवर ठरवतात. रेग्युलरला ७५ टक्के हजेरीचा नियम असतो, इंटर्नलचे मार्क असतात, आणि ते रोज जाणाऱ्यालाच मिळतात. लेकरू दोन वर्षाचं असेल आणि सांभाळायला कुणीच नसेल तर हे जमायचं नाही, ओढाताण करून घेऊ नका. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, मुख्य ठिकाण नाशिक पण अभ्यास केंद्रं आपल्या मराठवाड्यातही आहेत. "बाहेरून केलेली डिग्री चालत नाही" असं सांगणारे भेटतील, पण यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेल्या दूरस्थ कोर्सची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरतात. फक्त तुमच्या कोर्सला त्या वर्षाची मान्यता आहे का ते यूजीसीच्या वेबसाइटवर बघूनच पैसे भरा, एजंटच्या तोंडाकडं बघून नाही. नर्सिंग-इंजिनिअरिंगसारखं असेल तर रेग्युलरच.

आणि जुनी मार्कलिस्ट फेकू नका. माझा जुना पॅटर्न बंद झाला होता म्हणून मला पहिल्यापासून करावं लागलं, पण माझ्यासोबतच्या एका ताईची दोन वर्षं पास होती, तिला थेट तिसऱ्या वर्षाला मिळालं. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीवाल्यांचं विद्यापीठ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ, आणि संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिववाल्यांचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुने कागद घेऊन आधी विचारा, मग पहिल्या वर्षाचा फॉर्म भरा. नांदेडचं विद्यापीठ १९९४ चं आहे, त्याच्या आधी शिकलेल्या असाल तर तुमचा रेकॉर्ड संभाजीनगरला असणार, तिकडं बघायला लागेल.

कॅलेंडर न बघणं

पहिल्या सेमिस्टरची परीक्षा येते सोयाबीनच्या राशी आणि दिवाळीच्या आसपास, उन्हाळ्यातली बरोबर लग्नसराईत. महालक्ष्म्या, नवरात्र, येळवस (वेळ अमावस्या), सगळं याच्या मधीच. मी जूनमध्येच दोन्ही तारखा एका कॅलेंडरवर मांडते, घरच्या निळ्या आणि कॉलेजच्या लाल, आणि जाऊबाईला आधीच सांगते की यंदा महालक्ष्म्यांचा फराळ तुमच्याकडं, येळवशीची भज्जी माझ्याकडं. लग्नाला नाही गेलं तर माणसं रुसतात हे खरंय. जवळच्या दोन लग्नांना जायचं, बाकीच्या ठिकाणी ह्यांना पाठवायचं.

हाताची सवय

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. उत्तर येत होतं पण हात चालत नव्हता! इतक्या वर्षांत किराणाची यादी सोडून काही लिहिलंच नव्हतं, पाऊण तासात बोटं आखडली आणि शेवटचा प्रश्न कोरा राहिला. दोन राहिलेल्या पेपरांतला एक असाच गेला. रोज एक पान लिहा, वाचू नका, लिहा. महिनाभरानी घड्याळ लावून मागच्या वर्षीचा पूर्ण पेपर सोडवा. वाचायचं असेल ते एसटीत होतं, औसा ते लातूर अर्धा-पाऊण तास माझा हक्काचा आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळं खर्चही आवाक्यात.

विषय राहिला म्हणून जाणं बंद करणं

कॉलेज सोडलेल्या त्या दोघींचं हेच झालं. एक विषय राहिला, लाज वाटली, जाणं बंद. बॅकलॉग पुढच्या परीक्षेत निघतो, फक्त फॉर्म वेगळा भरायला लागतो आणि तारीख व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन वर निघून जाते, तेव्हा ऑफिसच्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा. मार्क कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, त्याला मुदत थोडीच असते. आणि खरंच थांबायची वेळ आली, बाळंतपण, घरातलं आजारपण काही असेल, तर गपचूप थांबू नका, कॉलेजला लेखी कळवा. नवीन शैक्षणिक धोरणात एक वर्ष पूर्ण करून वरून ४ क्रेडिटचं काम केलं तर सर्टिफिकेट घेऊन थांबता येतं, दोन वर्षांनी डिप्लोमा, आणि एबीसीत जमा क्रेडिट ७ वर्षांपर्यंत राहू शकतात.

त्यातल्या एकीला मी मागच्या महिन्यात फोन केला होता. तिचा फक्त एक पेपर राहिलाय, फॉर्म भरायला सोमवारी दोघी सोबत जायलोत.