नोकरी शोधणाऱ्या पोरांनो, आधी कळवायला शिका

मी साकीनाक्याला एका कुरिअरच्या गोदामात डिस्पॅच सांभाळते. बारावी झालेली, कॉलेज अर्ध्यावर सुटलेली मुलंमुली येतात, त्यांना पहिले पंधरा दिवस मीच शिकवते. स्कॅनिंग, पॅकिंग सगळ्यांना जमतं. नोकरी जाते ती न सांगता दांडी मारल्यामुळे आणि चूक लपवल्यामुळे.

म्हणून आधी कळवायला शिका. पावसात लोकल रखडणारच, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण 'येते थोड्या वेळात' एवढ्यावर मी काम कसं लावू? असा मेसेज करा: 'घाटकोपरला अडकले आहे. मेट्रोला लांब रांग आहे. साडेनऊपर्यंत पोहोचते. माझं स्कॅनिंग तोवर रेश्माने घ्यायचं कबूल केलंय.' कुठे आहात, कधी येताय, तोवर काम कोण बघेल, हे तिन्ही त्यात हवं. आणि तो शिफ्ट सुरू व्हायच्या आधी यायला हवा.

चुकीचंही तसंच. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका पार्सलवर ४०००७१ ऐवजी ४०००१७ लिहिलं. चेंबूरचं पार्सल धारावीला गेलं. संध्याकाळी लक्षात आलं, पण भीतीने गप्प राहिले. दोन दिवसांनी गिऱ्हाईक ओरडत आलं आणि मला घरी बसवलं. त्याच संध्याकाळी बोलले असते तर एका फोनवर निभावलं असतं. तेव्हापासून पिनकोड मी एकेक आकडा मोठ्याने वाचून ताडते, नव्या पोरांकडूनही तेच करून घेते. घरी सराव करायचा तर वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक वहीत उतरवा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी जागा बघून या. मरोळ, साकीनाक्याच्या गल्ल्यांत गाळा नंबर शोधण्यातच वीस मिनिटं जातात.

'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की बहुतेक जण घरी कोण कोण आहे ते सांगतात. तुम्ही काय केलंय ते सांगा. अनुभव नाही म्हणून मान खाली घालू नका. गेल्या वर्षी एक मुलगी आली, आवाज कापत होता. म्हणाली, 'आई डबे करते. रोजचे बावीस डबे मी भरते, कोणाचा खाडा, कोणाचे पैसे बाकी, सगळी वही माझ्याकडे.' मी तिला तिथल्या तिथे घेतलं. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवला असेल, दुकानात हाताखाली राहिला असाल, तर तेही आकड्यांसकट सांगा.

कागदपत्रांचं एकच बघा: आधार, पॅन, बँक पासबुक आणि मार्कशीटवर नाव एकसारखं हवं. एकीकडे वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही पुढे पीएफचे पैसे अडकतात. यूएएन म्हणजे पीएफसाठी मिळणारा तुमचा नंबर, तो बारा आकडी असतो आणि आयुष्यभर तोच. नोकरी बदललीत की जुनाच द्या, नवा काढू नका.

आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी रजिस्ट्रेशनचे किंवा युनिफॉर्मचे पैसे आधी मागितले तर देऊ नका. पाचशे असले तरी नाही. तिथून उठा आणि घरी या.