रेझिनची बाटली उघडण्याआधी

पेंडंटच्या बेझलमध्ये, म्हणजे उथळ वाटीसारख्या चौकटीत, कागदी चित्र बसवताना खरं काम वरून रेझिन (घट्ट होणारा पारदर्शक द्रव) ओतण्याच्या आधी असतं. ओतल्यावर चित्र सरकलंय, कड पांढरी दिसतेय, खाली हवा अडकलीय, असं लक्षात आलं तरी हात बांधलेले. म्हणून सगळी जमवाजमव आधी.

उदाहरणाला सावंतवाडीच्या गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पारंपरिक खेळाच्या पत्त्यांमधला, मत्स्यावताराचा पत्ता घेऊ. खरा पत्ता नव्हे हं, तो जपून ठेवा. त्याच्या फोटोची लहान प्रिंट. पत्ता मुळातच गोल, त्यामुळे गोल बेझलला सोयीचा. पण बऱ्याच पत्त्यांना काठाने किनार असते आणि ती एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक कापली गेली की लांबूनही खटकते. हात बसेपर्यंत साधी, एकरंगी पार्श्वभूमी असलेलं चित्र घ्या.

आधी माप. बेझलच्या पाकिटावर २५ मिमी लिहिलेलं असलं तरी ते आतलं की बाहेरचं, याचा भरवसा नाही. बेझलवर बटर पेपर दाबून धरा आणि आतल्या कडेवरून पेन्सिल आडवी घासा. मिळालेला ठसा हेच तुमचं माप. कागद गोल कापणारा एक इंचाचा पंच हाताशी असेल तर तो २५.४ मिमीचा असतो हे विसरू नका. तेवढ्या फरकाने कागद कडेला मुडपतो आणि मधोमध फुगतो. वर्तुळ अर्धा मिमी लहानच बरं.

प्रिंट लेझरची हवी. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते, फेव्हिकॉल लागला की पसरते. दुकानात ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा आणि फाइलमध्ये चित्राशेजारी पाच सेंटीमीटरची रेघ ओढून ठेवा. कागद हातात आला की तिथेच पट्टी लावून रेघ मोजा. चित्राचा रंग मापाच्या बाहेर मिमीभर पसरू द्या, आणि कागदाच्या पाठीमागे वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. नाहीतर पेंडंटची कडी वर आणि मत्स्यावतार आडवा!

कापायला छोटी, टोकदार कात्री. कात्री स्थिर ठेवायची, फिरवायचा तो कागद. कापलेल्या कडेची पांढरी रेघ रेझिनखाली उठून दिसते, तेव्हा जुळत्या रंगाची पेन्सिल तिच्यावरून फिरवा. मग कोरडाच बेझलमध्ये ठेवून बघा. कुठे अडत नाही ना?

यानंतरचा टप्पा अजिबात टाळू नका. सील न केलेला कागद रेझिन पितो आणि भजी ठेवलेल्या वर्तमानपत्रासारखे डाग पडतात. शिवाय कागदातली हवा बुडबुडे होऊन वर येते. पारदर्शक वाळणाऱ्या फेव्हिकॉलचे दोन-तीन पातळ हात पुढून, मागून आणि मुख्य म्हणजे कडेवर द्या. प्रत्येक हात वाळू द्या. बेझल स्पिरिटने पुसून चित्र तळाला चिकटवा, मधून बाहेर दाबत हवा काढा, पुन्हा एक हात कागद आणि भिंत यांच्या फटीवरून फिरवा. पांढुरकेपणा पूर्ण जाईपर्यंत, शक्यतो रात्रभर, तसंच ठेवा.

आता रेझिनचा हिशेब. २५ मिमी रुंद, २ मिमी खोल बेझलला जेमतेम एक मिली लागतं. इपॉक्सी रेझिनमध्ये हार्डनर (ते घट्ट करणारा दुसरा द्रव) मिसळावा लागतो; इतकं कमी मोजताना त्याचं प्रमाण हमखास चुकतं आणि वरचा थर चिकट राहतो. तेव्हा आठ-दहा बेझल एकदम तयार करा, किंवा एखादंच करायचं असेल तर यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारं यूव्ही रेझिन आणि तो दिवा घ्या. कोकणातल्या पावसाळ्यात इपॉक्सीवर ओलाव्याने तेलकट, धुरकट साय धरू शकते. सुका दिवस बघा.

ओतायच्या जागी नायट्राइलचे हातमोजे, टूथपिक, मोजायचे कप आणि धूळ अडवायला झाकता येईल असा डबा. खिडकी उघडी, पंखा बंद. बेझल पाणसळीत बसतात का पाहा. कडी अडत असेल तर जाड स्पंजला चीर पाडून ती त्यात खोवा.