बसलेली मेक्सिकन बाई, बडोद्यात घरच्या घरी

पश्चिम मेक्सिकोत, म्हणजे हालिस्को, नायारित, कोलिमा या भागात, साधारण इ.स.पू. 300 ते इ.स. 400 या काळात लोक जमिनीत उभा खड्डा खणून तळाशी थडग्याची खोली कोरायचे आणि मेलेल्या माणसाबरोबर मातीच्या पोकळ मूर्ती ठेवायचे. त्यातली मांडी घालून बसलेली बाई करून बघायची असेल तर शाडूचा गणपती डोक्यातून काढा, गणपती भाजायचा नसतो म्हणून भरीव चालतो, हिला भाजायचंय, भरीव केलीत तर भट्टीत फुटणार. चाक नको, त्यांच्याकडेही नव्हतं.

माती कुंभाराकडून घ्या पण नवरात्राच्या तोंडावर जाऊ नका, सगळे गरबे, म्हणजे नवरात्रातले छिद्रांचे मातीचे घट, करण्यात अडकलेले असतात. विश्वामित्रीच्या काठची फुकटची माती आणायचा विचार तर सोडाच, मगरी आहेत. चार भाग मातीत एक भाग चाळलेला विटेचा चुरा घालून भरपूर मळा, हवा राहता कामा नये.

आधी बैठक करायची, म्हणजे मांडी आणि कंबर मिळून एक पसरट वाडगा, आणि त्यावर बोटाएवढ्या जाड वळ्या एकावर एक लावत वर जायचं, प्रत्येक वळी आतून अंगठ्याने खालच्या वळीत ओढून घ्यायची, भिंत साधारण एक सेंटीमीटर. घाई इथेच नडते, ओल्यावर ओलं चढवत गेलात की पोट बाहेर येतं आणि बाई बसकण मारते, तेव्हा कंबरेपर्यंत झालं की वरच्या कडेवर ओलं फडकं टाकून थांबा, खालचं घट्ट होऊ द्या, मग छाती, मग खांदे. डोकं वेगळं, तेही पोकळ, जोडायच्या दोन्ही जागी ओरखडे काढून पातळ चिखल लावा. डोक्याची पोकळी धडाशी जोडलेली हवी आणि वर किंवा पाठीत एक भोक हवंच, जुन्या बऱ्याच मूर्तींनाही असतं.

चेहरा हालिस्कोच्या आमेका शैलीत करा, मला तीच आवडते, लांबट तोंड, उंच कपाळ, कडा उठवलेले मोठे डोळे, धारदार नाक. हात पोटावर किंवा हातात वाटी. खांद्यावर मातीच्या बारीक गोळ्या लावतात, अंगावरच्या व्रणांची नक्षी असावी असं मानतात.

थोडी सुकली की बुडाशी आपलं नाव आणि साल कोरा, या मूर्तींच्या नकला जुन्या म्हणून विकल्या जातात. कोलिमासारखा लाल रंग हवा असेल तर गेरू कालवून फासा आणि गुळगुळीत दगडाने घोटा, चमक त्यानेच येते.

मे महिन्यात बडोद्यात गच्चीवर ठेवलीत तर बाहेरून सुकते, आत ओलीच राहते आणि तडा जातो, म्हणून प्लास्टिक झाकून सावलीत, पूर्ण सुकेपर्यंत. मग कुंभाराला विनंती करून त्याच्या भट्टीत. काळे डाग पडले तर राहू द्या, उघड्या जाळाचे असतातच. फुलदाणी म्हणून पाणी भरू नका, ग्लेझ नाही, झिरपणार.