जुन्या बोटीचं आउटबोर्ड इंजिन ओढत नसेल तर तपासणी कशी करावी

कोल्हापूरकडच्या राधानगरी किंवा काळम्मावाडी धरणाच्या पाण्यात, बोटीच्या मागं बाहेरून बसवलेलं आउटबोर्ड इंजिन लावून जाळी टाकणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. इंजिन लगेच चालू होतं, आवाजही दणदणीत, पण बोट पुढं सरकत नाही. मग कुणीतरी कार्बोरेटर खोलायला बसतं. तो शेवटी खोलायचा. आधी ठरवायचं ते एवढंच, की इंजिन कमजोर झालंय की बोट जड झालीय.

मालवणकडून वापरलेलं इंजिन आणलं असेल, तर थोडी घट गृहीत धरा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे आणि दर 300 मीटरला इंजिनाची ताकद सुमारे 3 टक्के घटते. म्हणजे इथं पाचेक टक्के कमीच मिळणार. त्याहून जास्त घट वाटली तरच पुढं शोधायचं.

सुरुवात पंख्यापासून, म्हणजे प्रोपेलरपासून. किल कॉर्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) काढून इंजिन वर उचला. पात्यांना जलपर्णी किंवा नायलॉनचा धागा गुंडाळलाय का, कडा वाकल्या आहेत का, ते बघा. पंखा उतरवून शाफ्टवरचा धागाही काढा. तो सील कापतो आणि गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरतं.

आता आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, मोजणारा मीटर लागेल. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा मीटर चालतो. नेहमीचं वजन बोटीत ठेवून, लाइफ जॅकेट घालून, मोकळ्या पाण्यात पूर्ण रेस द्या. आलेला आकडा इंजिनाच्या पुस्तकातल्या पूर्ण रेसच्या मर्यादेशी ताडून बघा.

आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर पंख्याच्या आतलं रबरी बुश घसरत असण्याची शक्यता मोठी. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून एक सरळ रेघ मारा आणि फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली की निदान झालं. रेघ जागेवर असेल, तर इंजिन फार उंच बसवलंय का ते बघा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण बोटीच्या तळाच्या पातळीत असावी.

आरपीएमच कमी येत असेल, तर जाळी आणि माणसं उतरवून एकट्यानं पुन्हा चालवा. फरक मोठा पडला, तर बोटीवर संशय घ्या. जुन्या फायबर बोटीच्या आतला फोम पाणी पितो आणि वरून काही कळत नाही. आपल्याकडं उसाचे वजनकाटे जागोजागी आहेत. टेम्पो आधी मोकळा, मग बोटीसकट काट्यावर घाला. सर्वात खात्रीचा उपाय मात्र शेजाऱ्याचं तेवढ्याच एचपीचं इंजिन आपल्या बोटीला लावून बघण्याचा. तेही ओढेना, तर आपल्या इंजिनावर खर्च करू नका.

दोष इंजिनातच निघाला, तर टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. इंजिन दमायला लागलं की पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबा. जोर परत आला, तर इंधन कमी पडतंय: फिल्टर तुंबलाय, नळी हवा ओढतेय किंवा पंप थकलाय. पावसाळाभर पडून राहिलेलं पेट्रोल तर ओतूनच टाका, पण धरणात नव्हे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं. मग इंजिन बंद ठेवून, गिअर पुढं टाकून रेस पूर्ण फिरवा. कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडली पाहिजे. केबल सैल पडली असेल तर ती अर्ध्यावरच अडते.

पूर्ण रेसवर चालवून इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि सगळे प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. एखादाच काळा, पेट्रोलनं ओला निघाला, तर तो सिलिंडर जळत नाही. नवा प्लग घालूनही तेच दिसलं, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात गेज असलेला फिटर सापडतो. सिलिंडरांमध्ये 10 टक्क्यांहून जास्त फरक आला, तर रिंगा किंवा बोअर गेलेलं असू शकतं. दुरुस्तीचा अंदाज घेतल्याशिवाय खोलायला सांगू नका.

इंजिन ठीक आणि बोटीचं वजन कमी होणार नसेल, तर एक इंच कमी पिचचा पंखा लावा (पिच म्हणजे पंखा एका फेरीत जेवढा पुढं सरकेल ते अंतर). आरपीएम साधारण 200 नं चढतो. नंतर मोकळ्या बोटीत मर्यादा ओलांडत नाही ना, हे मीटरवर पुन्हा बघा.