प्रोजेक्ट आणि रोजचं काम: या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीत (धातू ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यात) नवी इंडक्शन फर्नेस, म्हणजे धातू वितळवायची विजेची भट्टी, घ्यायचं ठरतं. मालक प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला बोलावतात, "भाऊ, हे बी तुम्हीच बघा की." घोळ इथूनच सुरू होतो.

आज रिजेक्शन वाढलं, कोअर शॉपचा (साच्यातले वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागाचा) माणूस आला नाही, डिस्पॅचची गाडी गेटवर खोळंबलीय. या गडबडीत फाउंडेशनचं ड्रॉइंग टेबलावर पडून राहतं आणि महावितरणकडं वाढीव लोडचा अर्ज राहिलाय, हे फर्नेस दारात आल्यावर आठवतं. आधी त्या माणसाचं थोडं रोजचं काम दुसऱ्याकडं सोपवा, तेही लेखी. "जमेल तसं बघा" म्हटलं की ते जमत नाहीच.

दरवर्षी होतं म्हणून ते रोजचंच काम, ही दुसरी चूक. साखर कारखान्याचं बघा. गळीत हंगामात पाळ्या बदलतात, गाळप तेच. हे झालं ऑपरेशन. हंगामानंतर मिल उघडून होणारी दुरुस्तीही दरवर्षीचीच, पण तिला शेवट आहे, बॉयलर पेटवायची तारीख डोक्यावर आहे आणि उघडल्यावर आत काय निघेल याचा नेम नाही. माझ्या मते ती प्रोजेक्ट म्हणूनच चालवावी: कामांची यादी, वेगळं बजेट, आठवड्याला आढावा. रोलर झिजल्याचं मे महिन्यात कळूनही ऑर्डर ऑगस्टमध्ये गेली, तर सप्लायरला शिव्या घालून उपयोग नाही.

सगळ्यात महागात पडतो तो हँडओव्हर, म्हणजे बसवणाऱ्यांकडून चालवणाऱ्यांकडं ताबा जाणं. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. ट्रायलला फर्नेस कंपनीचा इंजिनिअर शेजारी उभा असतो, तोवर सगळं सुरळीत. तो गेल्यावर रात्रपाळीत कूलिंग वॉटरचा अलार्म वाजतो. आता मेल्टिंगवाल्यानं करायचं काय? लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) किती हीटनंतर, म्हणजे किती वेळा धातू वितळवल्यावर, तपासायचं, कुठले स्पेअर स्टोअरमध्ये हवेतच, रात्री फोन कुणाला लावायचा, हे मराठीत लिहून पॅनेलशेजारी लावल्याशिवाय ताबा घेऊ नका. आणि रात्रपाळीच्या माणसाला ट्रायलच्या वेळीच तिथं उभं करा. दिवसपाळीला दिलेलं ट्रेनिंग त्याच्यापर्यंत आपोआप पोचत नाही.

हिशेबही वेगळे ठेवा. फर्नेस बसवणं तारखेवर आणि बजेटवर मोजायचं. चालवणं टनाला विजेची किती युनिट लागली यावर. शेवटचं बिल भागलं की प्रोजेक्टचं खातं लगेच बंद करा, नाहीतर वर्षभर मेंटेनन्सची बेअरिंगंसुद्धा त्याच खात्यावर पडत राहतात.