पोट्ट्यांना इंग्रजीचे राइमिंग वर्ड्स शिकवायचेत? आधी कान, मग स्पेलिंग

शाळेतून 'मीनिंगसकट पाच राइमिंग वर्ड्स लिहून आणा' असा होमवर्क आला की नागपुरातल्या बहुतेक घरी एकच सीन असतो, आई नाही तर बाबा फोन काढतात, गुगलवरची लिस्ट पोट्ट्याला वहीत उतरवायला लावतात अन् विषय संपला. वही भरते, पण दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारा की बाबू, 'केक'शी काय जुळतं, तर तो तुमच्याकडे बघत राहील. कारण त्याने शब्द पाहिले, ऐकलेच नाही. आणि राइम म्हणजे सगळा कानाचाच कारभार आहे, स्पेलिंगचा त्यात फार कमी संबंध.

आपल्याकडच्या पोरांना यमक नवीन नाही हे आधी लक्षात घ्या. पोळ्याला झडत्या म्हणतात ना, एकाने दोन-चार जुळवलेल्या ओळी ठोकायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव', अन् दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरणारी पोरंही तेच म्हणत असतात. त्या पोराला यमक शिकवावं लागत नाही, फक्त सांगा की इंग्रजीतही झडती जुळवायची आहे, लगेच समजतं.

आता नियम. शब्दात ज्या स्वरावर जोर पडतो तिथपासून शेवटपर्यंतचा आवाज सारखा पाहिजे, आणि त्या स्वराच्या आधीचा आवाज वेगळा पाहिजे. बस्स एवढंच. 'कॅट'मध्ये ॲट, 'बॅट'मध्ये ॲट, आधी क आणि ब वेगळे, जुळलं. पण हा जोरवाला भाग बरेच जण सोडून देतात आणि मग पोरं 'रनिंग'ला 'सिंगिंग' जोडून आणतात, दोन्हीच्या शेवटी इंग आहे ना म्हणून. जोर तर पहिल्या तुकड्यावर आहे, एकीकडे रन आणि दुसरीकडे सिंग, मग कसं जुळणार? रनिंगची खरी जोडी म्हणजे 'कनिंग', अर्थ धूर्त, कावेबाज. तसंच 'टेबल'ची जोडी 'केबल' आणि 'स्टेबल', स्टेबलचे दोन अर्थ, घोड्यांचा तबेला आणि स्थिर. आणि 'सन' म्हणजे सूर्य अन् 'सन' म्हणजे मुलगा, हे दोन्ही बोलायला अगदी सेम, त्यामुळे ती राइमची जोडी नाही, आधीचा आवाज बदललाच नाही ना. शाळेत असं लिहिलं तर मार्क मिळेल का नाही ते मॅडमवर आहे, पण घरी तरी बरोबर सांगा.

सुरुवात छोट्या फॅमिलीने करा. फॅमिली म्हणजे एकाच आवाजावर संपणाऱ्या शब्दांचा गट. एका वेळी एकच गट घ्या, दोन-तीन दिवस तोच चघळू द्या, उगाच पन्नास शब्दांचा चार्ट भिंतीवर लावू नका, तो फक्त पाहुण्यांना दाखवायच्या कामाचा. पहिला गट ॲटचा: कॅट मांजर, रॅट उंदीर, मॅट चटई किंवा पायपुसणं, हॅट टोपी, फॅट जाडा (चरबी पण), सॅट बसला, पॅट थोपटणे, चॅट गप्पा. 'बॅट' इथे मजेशीर आहे, पोरगं म्हणेल क्रिकेटची, तेव्हा त्याला सांगा की संध्याकाळी झाडावरून उडतं ते वटवाघूळ पण बॅटच. मग इनचा गट: पिन टाचणी, थिन बारीक, चिन हनुवटी, स्किन कातडी, विन जिंकणे, ट्विन जुळ्यांपैकी एक, ग्रिन म्हणजे दात काढून हसणे. हे अर्थ तोंडी सांगण्यापेक्षा हात लावून दाखवले तर बरं, चिन म्हटलं की त्याची हनुवटी धरा, ग्रिन म्हटलं की त्याला दात काढायला लावा, वेगळं पाठांतर करावंच लागत नाही.

इथे ॲ आणि ए चा घोळ मात्र पहिल्याच दिवशी मिटवून टाका. 'पेन' लिहायचा, 'पॅन' तवा, 'मेन' म्हणजे पुष्कळ माणसं आणि 'मॅन' एक माणूस. आपण रोजच्या बोलण्यात हे दोन आवाज सरमिसळ करतो, आणि हिंदीची सवय असलेली पोरं 'डॉक्टर'ला 'डाक्टर' म्हणतात तशी 'डॉग'ला 'डाग' करून ठेवतात, मग डॉग, फॉग, लॉग, फ्रॉग हा गट जुळतच नाही त्यांना. (कुत्रा, धुकं, ओंडका, बेडूक.) तोंड गोल करून ऑ म्हणायला लावा, हसतील, हसू द्या.

दुसरा घोळ स आणि झ चा, हा फार कोणी सांगत नाही. 'राइस' भात, 'माइस' उंदरं, 'प्राइस' किंमत, 'आइस' बर्फ हा एक गट. 'प्राइझ' बक्षीस, 'वाइझ' शहाणा, 'राइझ' उगवणे, 'आइझ' डोळे हा दुसरा. स्पेलिंग बघून बसलात तर कळणारच नाही, कारण राइझमध्येही एस आहे आणि आइझमध्येही एस आहे, पण बोलताना तो झ होतो.

आता मुख्य भानगड. ॲट-इनचे गट झाले की पोराच्या डोक्यात बसतं की शेवटची अक्षरं सेम म्हणजे राइम, आणि इंग्रजी तिथेच पाडते. ओ-ओ-डी ने संपणारे तीन शब्द घ्या, 'फूड' जेवण, 'गुड' चांगलं, 'ब्लड' रक्त. स्पेलिंगचं शेपूट तेच आणि आवाज तीन. 'पुट' आणि 'कट' जुळत नाही, 'कम' आणि 'होम' जुळत नाही, 'लव्ह' आणि 'मूव्ह' जुळत नाही. ओ-यू-जी-एच तर कहरच आहे, 'टफ'मध्ये फ, 'दो'मध्ये ओ, 'थ्रू'मध्ये ऊ, 'बाऊ' म्हणजे झाडाची फांदी तिथे आऊ. पोरगं चिडतं, कधीकधी आपणही चिडतो, तर त्याला खरं कारण सांगून टाका. जुन्या इंग्रजीत त्या जी-एचचा घशातून ख सारखा आवाज होता, तो पुढे कुठे गळाला अन् कुठे फ झाला. साधारण 1400 ते 1700 च्या दरम्यान इंग्रजीचे लांब स्वरच हळूहळू सरकले, आणि मधेच 1476 च्या सुमारास कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला, तेव्हापासून स्पेलिंगं पक्की होत गेली, तोंड मात्र बदलत राहिलं. म्हणून लिहिलेलं एक अन् बोललेलं एक. सहावी-सातवीतल्या पोरांना ही गोष्ट आवडते, चूक त्यांची नाही हे कळतं ना.

उलटही होतं, स्पेलिंग वेगवेगळं आणि आवाज एक, आणि माझ्या मते खरी मजा इथेच आहे. 'बेअर' अस्वल, 'हेअर' केस, 'चेअर' खुर्ची, 'केअर' काळजी, 'देअर' तिथे, शेपटं चार तऱ्हेने लिहायची (हेअर-चेअरचं तेवढं सारखं) पण जुळतात झक्कास. 'ब्लू' निळा, 'शू' जोडा, 'टू' दोन, 'ग्लू' डिंक, 'थ्रू' मधून, 'झू' म्हणजे आपलं महाराजबाग. आणि आइटचा गट तर सगळ्यात श्रीमंत: नाइट रात्र, हाइट उंची, बाइट चावणे, फाइट भांडण, टाइट घट्ट, लाइट उजेड आणि हलका पण. 'काइट' म्हणजे पतंग हे सगळ्यांना माहीत, घारीलाही काइटच म्हणतात हे सांगा. मग आपल्या फुटाळा तलावावरची झडती जुळवा:

फुटाळ्यावर उडवली काइट,
घरी आलो तर गेली लाइट!

अन् लगेच विचारा, इथे लाइट म्हणजे हलका का वीज? अर्थ वाक्यातूनच निघतो हे त्याला इथे आपोआप कळतं. अशा मराठी-इंग्रजी खिचडी ओळी पोरांना स्वतः करू द्या, अर्थ चुकला तर ओळच हास्यास्पद होते आणि ते स्वतःच सुधारतात. 'अस्वलाचे विंचरले हेअर, बसायला दिली चेअर', असलं काहीही चालेल.

वेगळा वेळ काढायची गरज नाही. मेट्रोत बसलात, बर्डीवरून खापरीकडे निघालात, तर लाइनवरूनच सुरू करा. ही ऑरेंज लाइन, मग 'लाइन'शी काय जुळतं? नाइन नऊ, फाइन बरा (आणि दंडही), शाइन चमकणे, पाइन देवदारासारखं एक झाड, माइन माझं आणि खाणसुद्धा, उमरेडला कोळशाची आहे ती. मग त्याने एक सांगायचा, तुम्ही एक, ज्याचा संपला तो हरला. दुसरा खेळ 'पाहुणा कोण' असा, चार शब्द बोलायचे आणि न जुळणारा ओळखायचा, जसं ट्री, की, डे, बी. हे सगळं तोंडीच करा, कागद काढला की पोरं स्पेलिंगकडे पळतात.

आणि ऑरेंजचा विषय निघालाच आहे तर सांगतो, संत्र्याच्या गावात राहून आपल्याला हे माहीत पाहिजे की 'ऑरेंज'शी पूर्ण जुळणारा रोजच्या वापरातला एकही शब्द इंग्रजीत नाही. वेल्समध्ये ब्लॉरेंज नावाचा एक डोंगर आहे, तो जुळतो, पण तो होमवर्कमध्ये कुठे लिहिणार! 'मंथ' आणि 'सिल्व्हर' पण असेच एकटे. पोराला हे कोडं म्हणून द्या, दोन दिवस डोकं खाजवत राहील, तेवढ्यात त्याच्या तोंडून शंभर शब्द निघून जातात.

एक अजून, उच्चाराचा वाद झाला तर आपल्या कानावर विसंबू नका, चांगल्या डिक्शनरीच्या ॲपमध्ये शब्दापुढे स्पीकरचं चिन्ह असतं ते दाबून दोन्ही शब्द एकामागे एक ऐका. तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन पर्याय दिसतील आणि दोन्हीत फरक निघू शकतो, शेवटचं अक्षर ब्रिटिश 'झेड' म्हणतात, ते 'बेड'शी जुळतं, अमेरिकन 'झी' म्हणतात ते 'बी'शी जुळतं. आपल्या शाळांमध्ये साधारण ब्रिटिश वळण चालतं, तेच धरून चला.

पोरगं कधी 'झॅट' नाही तर 'गिन्न' असला मनाने बनवलेला शब्द सांगेल. छोट्या पोराला तिथे रागावू नका, त्याचा कान बरोबर चाललाय म्हणूनच तो असा शब्द बनवू शकला. फक्त विचारा, 'ह्याचा अर्थ काय रे?' अर्थ नाही सांगता आला तर तो शब्द खेळात चालेल, वहीत नाही, आणि डिक्शनरीत शोधायला लावा, कारण कधीकधी तो खरंच निघतो. 'व्हॅट' बनवलेला वाटतो ना, पण व्हॅट म्हणजे मोठं पिंप, टाकी.