पेन्शनवर आलेल्या जवानाला समुपदेशनाला कसं न्यायचं

फौजी पेन्शनवर येतो तेव्हा बहुधा चाळिशीच्या आसपास असतो. पहिले काही महिने सत्कार, देवदर्शन, घराची डागडुजी यांत निघून जातात आणि घरातल्या कुरबुरी त्यानंतर सुरू होतात. अशा वेळी 'डोक्याच्या डॉक्टरकडे चला' म्हटलं की माणूस ताटावरून उठतो. विषय झोपेवरून काढा. झोप लागत नाही हे सांगण्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही.

दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा: झोप कधी लागली, किती वेळा मोडली, दारू किती झाली. घरात कुणी वेळ पाळत नाही म्हणून होणारी चिडचिड कामाला लागल्यावर बरीच निवळते. पण तीच तीच भयानक स्वप्नं, आवाजाला दचकणं, गर्दी टाळणं हे महिन्याहून जास्त टिकलं तर थांबू नका. मिरवणुकीत डॉल्बी वाजायला लागला की माणूस आतल्या खोलीत जाऊन बसतो, हेही वहीत येऊ द्या.

ही वही, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आणि रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे फौज सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीचे, कागद घेऊन कोल्हापूरच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये जा. त्या कागदांवरच्या 'शेप' या फौजी आरोग्य-श्रेणीतला 'एस' म्हणजे मानसिक स्थिती. तिथे काही शेरा असेल तर डॉक्टरांना तो आधी दाखवा. मानसोपचारासाठी रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, मागून घ्या. ती न घेता परस्पर खासगी दवाखाना गाठला तर बिल अंगावर पडतं. कार्ड अजून हातात नसेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीत बोलतो.

गाडी अडते ती बहुतेक दारूवर. रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्यांनी शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठवड्यात 'फरक नाही' म्हणून त्या सोडणारे पुष्कळ.

समुपदेशकाने पहिल्याच भेटीत 'बॉर्डरवर काय बघितलं?' विचारू नये. युनिट कोणतं, ट्रेड (फौजेतलं काम) कोणता, आता दिवस कसा जातो, एवढं पुरे. सुभेदाराला 'साहेब' म्हणावं. सिक्युरिटीच्या नोकरीत पंचविशीतला सुपरवायझर त्याला 'ए' म्हणून हाक मारत असतो. बायकोशी वेगळं बोलावं, कारण तिच्यासमोर तो 'सगळं ठीक' एवढंच म्हणेल.

जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गार्डच्या नोकरीसाठी घेतलेली बारा बोअर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा. गोठ्यातलं तणनाशक, कीटकनाशकही घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा.